सर्व्हर आपला, तारीख परक्याची

सांगलीच्या गणपती पेठेत आणि मार्केट यार्डात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जे सर्व्हर बसले, त्यांची बडदास्त जावयासारखी होती. काचेची केबिन, एसी, दाराबाहेर चपला काढण्याची सक्ती. मालक बाहेर गादीवर, पंख्याखाली घाम पुसत. आणि ३८६ किंवा ४८६ प्रोसेसरचं, चार-आठ एमबी मेमरीचं मशीन आत थंड हवेत. मी तेव्हा नुकता डिप्लोमा करून या धंद्यात पडलो होतो. हळदीचे अडते, पतपेढ्या, औषधांचे वितरक, मिरजेचे दवाखाने ही माझी गिऱ्हाइकं. आधी मी त्यांची मशीनं जोडून दिली, आणि पुढे तीच एका सिस्टीमवरून दुसरीवर हलवत आलो.

एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. छोट्या पेढीने सर्व्हर स्वतःच्या मर्जीने क्वचितच बदलला. तारीख बाहेरून आली: कधी सरकारकडून, कधी अमेरिकेतल्या कंपनीकडून, एकदा तर कृष्णेकडून. आणि दर वेळी काम अडलं ते नव्या सिस्टीमपाशी नाही, आपल्याच घरातल्या एखाद्या जुन्या, बेवारशी प्रोग्रॅमपाशी.

सुरुवात नॉव्हेलपासून. लाल खोक्यात येणाऱ्या नेटवेअरला आमच्याकडे सगळे कंपनीच्याच नावाने ओळखत. ३.११ ही आवृत्ती १९९१ ची, ३.१२ ही १९९३ ची. पाच किंवा दहा जणांचं लायसन घ्यायचं, काळी कोॲक्स केबल टेबलांखालून फिरवायची, प्रत्येक मशीनमागे टी-कनेक्टर आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर. झाडू मारताना एखादा टी ढिला झाला की अख्खी पेढी बंद. सर्व्हरच्या काळ्या पडद्यावर खिडक्या नाहीत, माउस नाही. काही वेळ कुणी कळ दाबली नाही की एक साप वळवळू लागायचा, आणि सर्व्हरवर ताण वाढला की त्याची शेपटी लांबायची. एका पेढीतले दिवाणजी काचेतून साप बघूनच सांगत, ‘आज सौद्याला गर्दी हाय.’

त्या सर्व्हरवर चालायचा तो डीबेस, क्लिपर किंवा फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम. बहुधा गावातल्याच एखाद्या कॉलेजच्या पोराने लिहिलेला. शेतकऱ्याची पट्टी निघायची ती त्यातून: नाव, गाव, पोती, वजन, दर, हमाली, तोलाई, अडत, हाती येणारी रक्कम. १३२ कॉलमच्या डॉट मॅट्रिक्सवर कर्कर आवाज करत पट्टी फाटून शेतकऱ्याच्या हातात पडली की यंत्रावर सगळ्यांचा विश्वास बसायचा. प्रोग्रॅम लिहिणारा पोरगा पुढे पुण्याला, बंगळुरूला किंवा अमेरिकेला जायचा. मागे राहायची ती एक ईएक्सई फाईल. मूळ प्रोग्रॅम कुठल्या फ्लॉपीवर होता, हे कुणालाच ठाऊक नसायचं.

नॉव्हेल वाईट नव्हतं. चुकून पुसलेली फाईल ‘साल्व्हेज’ चालवून परत आणता यायची. पुढच्या विंडोज एनटीवर नेटवर्कवरून पुसलेली फाईल रिसायकल बिनमध्येही जात नाही, ती जाते ती जातेच. तरीही १९९८-९९ मध्ये सगळे एनटी ४.० कडे धावले, कारण ‘वाय-टू-के’. वर्तमानपत्रांत विमानं पडण्याच्या बातम्या. इथे पतपेढीच्या चेअरमनला ठेवींची काळजी. खरं तर पतपेढ्यांना हा घोटाळा इतरांच्या आधीच दिसला होता. १९९५ मध्ये पाच वर्षांसाठी ठेवलेली ठेव २००० मध्ये पिकणार, आणि क्लार्कने वर्ष ‘००’ असं भरलं की प्रोग्रॅम ते १९०० धरणार. गंमत अशी की डीबेस-फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाईलमधल्या तारखेच्या खान्यात वर्ष मुळातच चार आकडी साठतं. दोन आकड्यांचा घोळ फक्त पडद्यावर भरताना होता. जिथे मूळ प्रोग्रॅम हाताशी होता, तिथे ‘सेट सेंच्युरी ऑन’ ही एक ओळ आणि चौकटींची थोडी रुंदी, इतक्यावर बरंचसं भागलं. जिथे नव्हता, तिथे नवा सर्व्हर, नवा प्रोग्रॅम, नवा खर्च.

त्या काळातलं स्थलांतर म्हणजे तिसरं मशीन मधे ठेवणं. नॉव्हेल बोलायचं आयपीएक्स, नवी व्यवस्था टीसीपी/आयपी. दोन्ही समजणारं एक क्लायंट मशीन घ्यायचं, त्यावर एफ ड्राइव्ह नॉव्हेलचा, जी ड्राइव्ह एनटीचा, आणि रात्री एक्सकॉपी लावून घरी जायचं. फाईली यायच्या, पण कुणाला काय बघायची परवानगी, हे काही सोबत येत नसे. ते कागदावर उतरवून हाताने पुन्हा भरावं लागे. त्या निमित्ताने बऱ्याच मालकांना पहिल्यांदाच कळलं की पगारपत्रकाची फाईल हमालीच्या क्लार्कलाही उघडता येत होती.

मग दोन दुखणी सुरू झाली. पहिलं वेगाचं. नव्या पेंटियम मशीनवर डॉसचं फॉक्सप्रो उघडलं की ‘डिव्हाइड बाय झीरो’ म्हणून लगेच बंद. प्रोग्रॅम तोच, डेटा तोच, फक्त प्रोसेसर जास्त पळणारा. ठिगळ लावलं की चालायचं, पण मालकाला समजावणं अवघड. जास्त पैसे देऊन घेतलेलं जलद मशीन जुनं काम करत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? दुसरं दुखणं इंडेक्सचं, म्हणजे नोंदी शोधून देणाऱ्या सूचीचं. एनटी सर्व्हर एकट्या वापरकर्त्याला फाईल त्याच्या मशीनवर ठेवून काम करू देतो. दुसऱ्याने मागितली की पहिल्याने बदल परत लिहायचे. केबल कच्ची असली किंवा वीज गेली की ही देवघेव मधेच तुटते आणि इंडेक्स खराब. खातं उघडलं तर भलत्याच शेतकऱ्याची बाकी. सर्व्हरच्या रजिस्ट्रीत हे ‘ऑपलॉक’ बंद करणं हे आमच्या धंद्यातलं त्या वेळचं रामबाण औषध होतं. पुढे २००८ च्या सर्व्हरपासून फाईली देण्याघेण्याची पद्धतच बदलली आणि ते औषधही बाद झालं.

याच सुमाराला मायक्रोसॉफ्टने छोट्यांसाठी वेगळा माल आणला. स्मॉल बिझनेस सर्व्हर, आमच्या बोलीत एसबीएस. पहिला १९९७ चा, एनटी ४.० वर बेतलेला, २५ मशीनपर्यंत. २००३ च्या आवृत्तीत मर्यादा ७५ वर गेली. फाईली, ईमेल, फॅक्स, सगळं एकाच मशीनवर आणि किंमत सुट्या मालापेक्षा पुष्कळ कमी. औषधांचे वितरक आणि गाड्यांचे डीलर यांनी तो आनंदाने घेतला. अट मात्र एक होती: त्या कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये एसबीएस एकच, आणि सगळ्या मुख्य भूमिका त्याच्याकडेच. दुसरा एसबीएस शेजारी आला की घड्याळ सुरू. स्थलांतरासाठी मुळात सात दिवसांची सवलत, पुढे ती २१ दिवस झाली. मुदत संपली की जुना सर्व्हर आपोआप बंद पडू लागायचा. नॉव्हेलच्या काळातही एकच लायसन दोन सर्व्हरवर चढवलं की सगळ्या पडद्यांवर कॉपीराइटचा इशारा झळकायचा, पण हे प्रकरण त्याहून कडक. आपल्याच घरातून आपल्याच दुसऱ्या घरात सामान न्यायचं, आणि ते किती दिवसांत न्यायचं हे घर बांधणाऱ्याने ठरवायचं.

विश्रामबागेतल्या एका वितरकाकडे २००३ चा एसबीएस २०११ वर नेला, ते काम मला नमुना म्हणून आठवतं. जुना ३२ बिटचा, नवा फक्त ६४ बिटचा; त्यामुळे जुन्यावरच नवा चढवण्याची सोय नाही, दोन मशीनं शेजारी ठेवूनच काम. सगळ्यात आधी बघायचं ते घड्याळ. दोन सर्व्हरच्या वेळेत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की ओळख पटवणारी यंत्रणा एकाला दुसऱ्याच्या दारातच उभं करत नाही, आणि जुन्या मशीनच्या बोर्डावरची छोटी बॅटरी संपलेली असली की वीज जाऊन आल्यावर तारीख मागे गेलेली. मग जुन्याची तब्येत: त्याच्या निर्देशिकेत काही बिघाड असेल तर तो तसाच नव्यात उतरतो. मग तयारीचा प्रोग्रॅम, पेनड्राइव्हवरची उत्तरांची फाईल, आणि नव्याची स्थापना, जी तासन्‌तास चालते. त्यात भारनियमन. सकाळी किती वाजता जाणार, संध्याकाळी किती वाजता येणार, हे वेळापत्रक भिंतीवर लावून आम्ही कामाचे टप्पे आखले. यूपीएसवर अर्धी स्थापना अडकली तर पहिल्यापासून सुरुवात.

ईमेल हलली, फाईली हलल्या, वापरकर्ते सकाळी येऊन जुन्याच पासवर्डने आत शिरले. मग सोमवारी बिलं निघेनात. प्रिंटर जुना, पॅरलल पोर्टचा. नव्या मशीनला तो पोर्टच नाही. कार्बन लावलेली चार प्रतींची छापील स्टेशनरी गोदामात पडलेली, तेव्हा लेसर प्रिंटर नको. यूएसबीची वायर घालून, नेटवर्कच्या प्रिंटरला एलपीटी १ असं नाव देऊन जुन्या प्रोग्रॅमची समजूत घातली. सर्व्हरच्या पुस्तकांत या सोमवारबद्दल काहीच नसतं. गिऱ्हाईक मात्र काम त्याच्यावरूनच जोखतं.

२०११ चा एसबीएस शेवटचा ठरला. जुलै २०१२ मध्ये कंपनीने ती मालिका बंद करत असल्याचं जाहीर केलं. छोट्यांसाठी मागे उरला तो २५ वापरकर्त्यांचा इसेन्शियल्स; त्यात ईमेल नव्हती, ती ढगात, म्हणजे क्लाउडवर, न्या म्हणाले. ज्यांनी नुकता खर्च केला होता, ते माझ्यावरच चिडले.

खरी भिंत ६४ बिटची. २००८ आर-टू पासून विंडोज सर्व्हर फक्त ६४ बिटचाच येतो, आणि ६४ बिटच्या विंडोजवर डॉसचे १६ बिटचे प्रोग्रॅम चालतच नाहीत. हळू चालतात असं नव्हे. सुरूच होत नाहीत. पंधरा-वीस वर्षं पट्टी काढणारं फॉक्सप्रो इथे संपलं. कुणी आतल्या आत एक आभासी जुनं मशीन उभं करून त्यात चालवलं, कुणी प्रोग्रॅम नव्याने लिहून घेतला, बरेच जण टॅलीकडे गेले. टॅलीवाल्यांचं तुलनेने बरं झालं. १ एप्रिल २००५ ला महाराष्ट्रात व्हॅट आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी; दर वेळी आवृत्ती बदलावी लागली, पण जुना डेटा नव्यात ओढण्याची वाट कंपनीनेच बांधलेली. ज्या प्रोग्रॅमला मायबाप आहे आणि ज्याला नाही, यांतला फरक इथे कळतो.

मराठी नावांचा प्रश्न तर वेगळाच. डॉसच्या काळात काही पेढ्यांनी पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड घेतलं होतं. मशीनच्या आयएसए खाचेत ते बसवलं की इंग्रजी प्रोग्रॅममध्येही देवनागरी उमटायची. नव्या मदरबोर्डवरून ती खाचच गेली, आणि कार्डाशिवाय तो डेटा पडद्यावर नुसता कचरा. तरी त्यातला मजकूर इस्की या भारतीय प्रमाणात होता, आणि युनिकोडची देवनागरी त्याच पायावर उभी असल्याने रूपांतर जमलं. ज्यांनी विंडोजवर नुसत्या फाँटच्या जोरावर मराठी साठवली होती, त्यांचे हाल जास्त. तिथे अक्षरं दिसतात तशी साठलेली: ऱ्हस्व वेलांटी दिसायला आधी, म्हणून डेटातही आधी. सरळ रूपांतर केलं की ‘शिंदे’चे ‘िशंदे’ झाले आणि सगळे शिंदे, शिरोळकर, शिंगाडे यादीतून गायब. ‘कऱ्हाड’ने तर नाकी नऊ आणले. अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी लिहिता येतो. एका प्रकारात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही कऱ्हाड सारखेच, पण संगणकाच्या लेखी दोन वेगळी गावं. शोधायला गेलं की निम्मेच शेतकरी सापडत. दिवाणजींनी हातातल्या वहीवरून यादी ताडून दिली म्हणून निभावलं.

विंडोज सर्व्हर २००३ चा आधार १४ जुलै २०१५ ला संपला. मी गिऱ्हाइकांना पत्रं दिली, फोन केले. मार्केट यार्डातल्या एका अण्णांचं उत्तर ठरलेलं: ‘चालतंय की! मग उगंच हात कशाला लावायचा?’ मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस आला. मायक्रोसॉफ्टने त्याची डागडुजी मार्चमध्येच दिली होती, पण आधार संपलेल्या सिस्टीमना ती मिळाली ती हल्ला झाल्यावर, खास बाब म्हणून. २७ जूनला नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने न्हावाशेवाच्या बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं. आणि त्यानंतर चार दिवसांनी जीएसटी. व्हायरसच्या भीतीने जे झालं नाही ते करभरण्याच्या पोर्टलने केलं: सुरक्षित जोडणीची नवी पद्धत जुन्या एक्सपीवरच्या ब्राउझरला येत नव्हती, साइटच उघडेना. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात अण्णांसकट सगळ्यांना एकदमच नवं मशीन हवं होतं, आणि भाव अर्थात तसाच द्यावा लागला.

याच मंडळींच्या घरात वह्या कशा बदलत, हे मी लहानपणी पाहिलं आहे. दिवाळी पाडव्याला नवी रोजकीर्द, नवी खतावणी. जुन्या वहीत पानं कोरी असली तरी ती बाजूला ठेवायची, बाकी काढायची, दोघांनी वाचून ताडायची आणि नव्या वहीत ओढायची. वही संपली म्हणून किंवा भिजली म्हणून बदलायची पाळी येऊ द्यायची नाही, हा शिरस्ता. प्राप्तिकराच्या कायद्याने १९८९ पासून सगळ्यांचं हिशेबाचं वर्ष १ एप्रिलपासून केलं तरी पाडव्याची पूजा टिकली. सर्व्हर आला तेव्हा मात्र हा शिरस्ता कुणी त्याला लावला नाही. लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं जातं, पण त्या दिवशी बाकी ताडणं, जुनं बाजूला काढणं, नवं तपासून घेणं, हे राहिलं. माझ्या मते नुकसान इथे झालं. वेळेआधी बदलण्याची अक्कल या पेठेला परकी नव्हती. यंत्र हे ‘इंजिनिअरचं काम’ म्हणून तिने ती बाजूला ठेवली.

त्याची किंमत ऑगस्ट २०१९ मध्ये दिसली. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. गणपती पेठ, हरभट रोड, मारुती चौक पाण्याखाली. तळमजल्यावरचे सर्व्हर गेले ते गेलेच. बॅकअपची डिस्क बहुतेकांकडे होती, पण सर्व्हरच्याच कपाटात. पाणी ओसरल्यावर ज्यांना दुसऱ्या दिवशी धंदा सुरू करता आला, त्यांच्याकडे भारी यंत्रणा नव्हती. मुलगा दर शनिवारी डिस्क उंचावरच्या भागातल्या घरी न्यायचा, इतकंच. आणि त्यातही ज्यांनी ती डिस्क दुसऱ्या मशीनवर एकदा तरी उघडून पाहिली होती तेच वाचले. दोघांची बॅकअप जुन्या सर्व्हरशिवाय उलगडेनाच.

आता काही पेढ्या लिनक्सवर आहेत, काहींनी सगळं ढगात टाकलं आहे. ढगात गेल्याने तारखा सुटत नाहीत. तिथे तारीख ठरवणारा आणखी लांब बसतो. म्हणून ज्याच्याकडे अजून आपला सर्व्हर आहे आणि ज्याच्याकडे नाही, दोघांनाही सांगणं एकच. दर वर्षी ३१ मार्चनंतर खातेदारांची यादी, बाकी आणि मालाचा साठा साध्या, कुठल्याही मशीनवर उघडेल अशा फाईलमध्ये काढून ठेवा, आणि ती घरी न्या. प्रोग्रॅम कुणी लिहिला, मूळ प्रत कुठे आहे, लायसनचा कागद कुठे आहे, हे एका कागदावर लिहा. वर्षातून एकदा बॅकअप परक्या मशीनवर उघडून एक पट्टी छापून बघा. आणि तुमचा विंडोज सर्व्हर २०१६ चा असेल तर त्याचा आधार १२ जानेवारी २०२७ ला संपतो. त्याच्या आधीचा, हळदीचा हंगाम सोडून, तुम्हाला सोयीचा एक रविवार आजच ठरवा.